मेलॅटोनिन: झोपेपलीकडचे फायदे कितपत सिद्ध झाले आहेत?

मेघवाट
माझी आई ६८ वर्षांची आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, झोपेची मात्र काही तक्रार नाही. तरीही अमेरिकेतील मावसभावाने तिच्यासाठी मेलॅटोनिनच्या, म्हणजे झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या एका संप्रेरकाच्या, १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली पाठवली आहे. सोबतच्या निरोपात त्याने लिहिले आहे की हे नुसते झोपेचे औषध नव्हे. याने रक्तदाब उतरतो, अर्धशिशी थांबते, साखर आटोक्यात राहते, डोळे टिकतात आणि कर्करोगालाही आळा बसतो. त्याचा हेतू चांगला आहे, म्हणूनच त्याला नुसते ‘नको’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न असा की, झोपेचा भाग बाजूला ठेवला तर यांपैकी कोणता फायदा माणसांवरील चाचण्यांतून दिसलेला आहे आणि कोणता केवळ प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांच्यापुरता आहे? इतक्या वेगवेगळ्या अवयवांवर एकच पदार्थ काम करतो असे कोणी म्हटले की मला शंका येते. पण शंका आली म्हणजे दावा खोटा ठरला असे होत नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

चौकस
झोपेची तक्रार नसताना ही गोळी सुरू करू नये, असे माझे पहिले मत. बाकीच्या दाव्यांविषयी वाचायला उत्सुक आहे.

अध्यापिका
मेघवाट, तुमची शंका रास्त आहे. मात्र अनेक अवयवांवर परिणाम होणे हे या संप्रेरकाच्या बाबतीत नवलाचे नाही, कारण झोप आणणे हे त्याचे मूळ कामच नाही. उंदीर रात्रभर जागा असतो, तरी त्याच्या रक्तातही मेलॅटोनिन रात्रीच वाढते. ते शरीराला फक्त एवढेच कळवते की बाहेर अंधार आहे आणि रात्र इतकी लांब आहे. त्या निरोपाचे काय करायचे हे प्रत्येक प्राणी आणि प्रत्येक अवयव आपापल्या परीने ठरवतो. मेंढ्यांमध्ये तर रात्री मोठ्या होऊ लागल्या की याच निरोपावरून प्रजननाचा हंगाम सुरू होतो.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगते. दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशींना प्रकाशाची, त्यातही निळसर प्रकाशाची, जाणीव होते. त्या मेंदूतील मुख्य जैविक घड्याळाला खबर देतात, तिथून संदेश मानेतील चेतापुंजापर्यंत उतरतो आणि पुन्हा वर मेंदूतील पिनिअल ग्रंथीकडे जातो. अंधार असेल तर ती ग्रंथी ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन तयार करून रक्तात सोडते. ते ओळखणारे एमटी-१ आणि एमटी-२ हे रिसेप्टर मेंदूखेरीज रक्तवाहिन्या, स्वादुपिंड आणि डोळे यांतही आढळतात. त्यामुळे झोपेपलीकडचा परिणाम शक्य आहे, हे मान्य करूनच चर्चा पुढे न्यावी लागेल. पण परिणाम शक्य असणे आणि गोळीने फायदा होणे यांत फार मोठे अंतर आहे.

या पदार्थाचा शोधही झोपेच्या अभ्यासातून लागलेला नाही. पिनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची त्वचा फिकट होते, हे १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी नोंदवले होते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर कोडाच्या उपचारासाठी त्वचेचा रंग बदलणारा घटक शोधत होते. त्यांनी गाईबैलांच्या हजारो पिनिअल ग्रंथींवर काम करून १९५८ साली तो वेगळा केला. माणसाच्या त्वचेवर त्याचा तसा परिणाम झाला नाही आणि कोडासाठी ते औषध हाती लागले नाही.

डॉ_सह्यकडा
अध्यापिकाताईंनी पाया घातलाच आहे, म्हणून मी थेट रक्तदाबाकडे येतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो. २००४ साली फ्रँक शीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध सुरू नसलेल्या, उच्च रक्तदाब असलेल्या १६ पुरुषांना तीन आठवडे रोज रात्री २.५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिले. झोपेतील वरचा रक्तदाब सरासरी ६ मिलिमीटरने आणि खालचा ४ मिलिमीटरने उतरला. एकच मात्रा देऊन काही फरक पडला नव्हता, सातत्याने दिल्यावरच पडला. हा परिणाम खरा आहे असे मला वाटते; पण १६ जणांवरून औषधोपचाराचा नियम ठरवता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता मेघवाट यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो. इटलीतील लुसार्दी आणि सहकाऱ्यांनी २००० साली निफेडिपिन हे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या रुग्णांना ५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिले, तेव्हा रक्तदाब उतरण्याऐवजी वाढला, आणि तोही वरचा सुमारे ६ मिलिमीटरने. म्हणजे औषध न घेणाऱ्याला जे उपकारक ठरले, तेच एका विशिष्ट गोळीवर असलेल्या रुग्णाला अपायकारक ठरले. आईंना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, ते कृपया पाहून सांगा. रक्त पातळ राहावे म्हणून वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मेघवाट
मनापासून आभार, डॉक्टर. आई गावी आहे. तिच्याकडून गोळीचे नाव नीट विचारून घेऊन लिहिते.

पैलतीर
मी न्यू जर्सीत राहते, आणि अर्धशिशीच्या बाबतीत या गोळीने मला निश्चित गुण आला आहे. येथील मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज रात्री ठरलेल्या वेळी ३ मिलिग्रॅम घेते. पूर्वी महिन्यातील कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागत. आता दुखणे उठते, पण क्वचित आणि सौम्य.

हा केवळ माझा अनुभव नाही. ब्राझीलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ३ मिलिग्रॅम मेलॅटोनिन, दुसऱ्याला अर्धशिशी टाळण्यासाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) असे बारा आठवडे देण्यात आले. महिन्यातील डोकेदुखीचे दिवस मेलॅटोनिनने सरासरी २.७ ने, ॲमिट्रिप्टिलिनने २.२ ने आणि प्लासिबोने १.१ ने कमी झाले. ॲमिट्रिप्टिलिनने दिवसा पेंग येते आणि वजन वाढते, तो त्रासही मेलॅटोनिनच्या गटात कमी होता. त्यामुळे मेघवाट यांच्या मावसभावाचा निदान हा एक मुद्दा तरी निराधार नाही.

चौकस
पैलतीर, तुम्हाला आराम पडला याचा आनंद आहे, आणि ब्राझीलची चाचणी चांगली होती याबद्दलही दुमत नाही. परंतु तिच्या आधी, २०१० साली, नॉर्वेतील एका चाचणीत सावकाश विरघळणारे २ मिलिग्रॅम मेलॅटोनिन आठ आठवडे दिले होते, आणि प्लासिबोपेक्षा त्यात काहीही अधिक लाभ दिसला नव्हता. दोन्ही गटांत दुखणे कमी झाले होते. अर्धशिशीच्या चाचण्यांत प्लासिबोचा परिणाम नेहमीच मोठा असतो, म्हणून एका चाचणीवर भिस्त ठेवू नये.

पैलतीर
मात्रा वेगळी, गोळीचा प्रकार वेगळा आणि कालावधीही वेगळा, हे लक्षात घ्यायला नको का? सावकाश विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी निष्फळ ठरली म्हणून लगेच विरघळणारी ३ मिलिग्रॅमचीही निष्फळच, असा निष्कर्ष निघत नाही. ॲमिट्रिप्टिलिन सोसत नसणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने हा पर्याय खुला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते मी सोडणार नाही.

चौकस
डॉक्टरांच्या सल्ल्याने म्हणत असाल तर माझा विरोध नाही.

भूलतज्ज्ञ_नाशिक
माझ्या क्षेत्रातील दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांतून दोन्ही बाजू दिसतात.

शस्त्रक्रियेपूर्वी वाटणारी भीती ही लहान गोष्ट नसते. टेबलावर घेण्याआधीच रुग्णाची छाती धडधडत असते, हात गार पडलेले असतात. अशा वेळी आम्ही मिडाझोलामसारखी औषधे देतो, पण त्यांनी विशेषतः वयस्कर माणसे नंतर बराच वेळ गुंगीत राहतात. शस्त्रक्रियेआधीच्या मेलॅटोनिनवर झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) २०२० साली अद्ययावत झाला. त्यानुसार १०० गुणांच्या मापनपट्टीवर प्लासिबोच्या तुलनेत भीती सुमारे १२ गुणांनी कमी होते, आणि मिडाझोलामशी तुलना केली तर फार फरक दिसत नाही. झोपेपलीकडच्या फायद्यांत मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा हाच आहे. आश्चर्य म्हणजे याचा उल्लेख अशा निरोपांमध्ये कधीही नसतो.

दुसरी गोष्ट निराशेची आहे. अतिदक्षता विभागात रुग्णाला भ्रम होतो, तो नातेवाइकांना ओळखत नाही, नळ्या ओढू लागतो. घरच्यांना ते पाहवत नाही. तिथे दिवसरात्र दिवे चालू असल्याने मेलॅटोनिनची लय बिघडते, तेव्हा ते बाहेरून द्यावे, हा विचार सुसंगत वाटत होता. ऑस्ट्रेलियात सुमारे ८५० रुग्णांवर त्याची चाचणी झाली, रोज रात्री ४ मिलिग्रॅम देण्यात आले, आणि २०२२ साली निकाल आला: भ्रमाचे प्रमाण कमी झाले नाही. कल्पना पटणारी होती, लहान अभ्यास आशादायक होते, मोठ्या चाचणीत मात्र हाती काही लागले नाही.

कृष्णाकाठ
कर्करोगाचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही. माझी बहीण परिचारिका आहे आणि तिने कित्येक वर्षे रात्रपाळी केली आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरी गंभीरपणे बोलला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आणि २०१९ साली पुनर्विचार करून ते वर्गीकरण कायम ठेवले. रात्रीच्या प्रकाशाने मेलॅटोनिन दबते, हे त्यामागे सुचवलेल्या कारणांपैकी एक आहे. प्रयोगशाळेत मेलॅटोनिन काही कर्कपेशींची वाढ रोखते, हेही वाचलेले आहे. मग जिच्या शरीरात ते रात्रीमागून रात्री दबले जात आहे, तिने ते बाहेरून घेणे योग्य ठरणार नाही का?

अध्यापिका
कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नामागची काळजी समजते आणि तो प्रश्न तर्काला धरूनच आहे. पण रात्रपाळीत केवळ मेलॅटोनिन दबते असे नाही. झोप तुटते, अवेळी खाणे होते आणि यकृतापासून आतड्यांपर्यंत सगळ्यांची घड्याळे एकमेकांपासून फारकत घेतात. त्यांपैकी एकच घटक गोळीने भरून काढला की बाकीची हानी टळते, असे कोणी दाखवलेले नाही.

उपचाराच्या बाजूने पाहिले तर इटलीत पूर्वी झालेल्या लहान आणि रुग्णाला तसेच डॉक्टरला उपचार ठाऊक असलेल्या चाचण्यांनी मोठी आशा निर्माण केली होती. पुढे कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलॅटोनिन आणि उरलेल्यांना प्लासिबो देण्यात आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मावसभावांच्या यादीतील हा दावा मी आज तरी बाजूला काढून ठेवीन. कर्करोगाच्या रुग्णाने या आशेवर मूळ उपचार लांबवला तर होणारे नुकसान भरून येणारे नसते, म्हणून हे मी स्पष्ट शब्दांत लिहीत आहे.

बहिणीसाठी एक मात्र सुचवते: पाळी संपवून घरी जाताना उन्हाचा चष्मा आणि दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदे. रात्रपाळीवाल्यांना हे सांगितले जाते, आणि त्यात अपाय काही नाही.

अन्नपूर्णा
साखरेच्या दाव्याविषयी मला बोलायचे आहे, कारण तो नुसता अपुरा नाही, काही जणांच्या बाबतीत उलटा आहे. २००९ साली एमटी-२ रिसेप्टरच्या जनुकातील एका बदलाचा संबंध उपाशीपोटीच्या वाढीव साखरेशी आणि टाइप २ मधुमेहाशी असल्याचे आढळले. पुढे स्पेनमध्ये मार्ता गाराउलेत आणि सहकाऱ्यांनी ८४५ जणांना एकदा झोपण्याच्या चार तास आधी आणि एकदा एकच तास आधी ग्लुकोजचे पाणी देऊन रक्त तपासले. उशिरा घेतले तेव्हा रक्तातील मेलॅटोनिन साडेतीन पट होते, इन्शुलिन कमी स्रवले आणि साखर अधिक वाढली. तो जनुकीय बदल असलेल्यांमध्ये साखरेतील बिघाड अधिक ठळक होता.

याचा अर्थ आपल्याकडे किती थेट लागू पडतो पाहा. मुंबईत लोकलने घरी पोहोचून, कुकर लावून पाने वाढेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. पोटात नुकताच वरणभात गेलेला असताना वरून मेलॅटोनिनची गोळी घेतली, तर स्वादुपिंडाला काम करायच्या वेळीच ‘रात्र झाली, थांब’ असा निरोप जातो. गोळी घेण्याची वेळ आली तर तिच्यात आणि जेवणात निदान दोन तासांचे अंतर असावे असे मला वाटते. त्याहून बरे म्हणजे जेवणच लवकर करणे. आमच्या घरी सासूबाईंनी सातच्या जेवणाचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यामागे त्यांची श्रद्धा होती, पण या अभ्यासानंतर मला त्या आग्रहाचे मोल अधिक जाणवते.

रानवारा
गोळीऐवजी आहारातून घेता येणार नाही का? पिस्ते, अक्रोड, रात्रीचे हळद-जायफळ घातलेले दूध यांत मेलॅटोनिन असते असे सर्वत्र लिहिलेले दिसते.

अध्यापिका
असते, पण किती ते पाहावे लागते. पेलाभर दुधात ते काही नॅनोग्रॅम असते, आणि ३ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ३० लाख नॅनोग्रॅम. दूध जरूर प्यावे, त्याचे इतर गुण आहेतच. मेलॅटोनिनसाठी मात्र नको.

शरीर स्वतः जे बनवते ते न घालवणे अधिक साधणारे आहे. २०११ सालच्या एका अभ्यासात, झोपण्याआधीचे तास २०० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) कमी अशा साध्या खोलीतील उजेडात काढले, तरी मंद प्रकाशाच्या तुलनेत जवळजवळ सर्वांमध्ये मेलॅटोनिन उशिरा वाढू लागले आणि त्याचा एकूण काळ सुमारे दीड तासाने घटला. आपल्या दिवाणखान्यात पांढऱ्या एलईडी ट्यूब रात्री अकरापर्यंत जळत असतात. त्या जागी संध्याकाळनंतर पिवळसर, कमी वॅटचा दिवा लावणे कोणालाही शक्य आहे.

निरंजन_लंडन
डोळ्यांविषयी राहिले. २०२४ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी पन्नाशीपुढील लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. त्यात मेलॅटोनिन घेणाऱ्यांमध्ये वयोमानाने होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास कमी आढळला. दृष्टिपटलात मेलॅटोनिन अँटीऑक्सिडंट म्हणून काम करते, हे लक्षात घेता मला ते विश्वसनीय वाटते.

चौकस
त्याच प्रकारच्या नोंदींतून दुसरीही बातमी आलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अधिवेशनात निद्रानाश असलेल्या सुमारे १ लाख ३० हजार प्रौढांच्या नोंदींचे विश्लेषण मांडले गेले. वर्षभर किंवा अधिक काळ मेलॅटोनिन घेतल्याची नोंद असलेल्यांपैकी ४.६ टक्क्यांना पाच वर्षांत हार्ट फेल्युअर झाले. तशी नोंद नसलेल्यांत हे प्रमाण २.७ टक्के होते. तेव्हा हृदयासाठी हितकर म्हणून ही गोळी घेणाऱ्यांनी सावध व्हावे.

निरंजन_लंडन
ते निव्वळ निरीक्षण आहे, चाचणी नव्हे. अमेरिकेत ही गोळी वाण्याच्या दुकानातही मिळते, त्यामुळे ‘न घेणाऱ्यां’च्या गटात प्रत्यक्ष घेणारे किती होते कोण जाणे! इकडे ब्रिटनमध्ये ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. शिवाय ज्यांची झोप अधिक बिघडलेली, तेच दीर्घकाळ गोळी घेणार, आणि बिघडलेली झोप स्वतःच हृदयाला घातक असते.

डॉ_सह्यकडा
निरंजन, तुमचे तिन्ही आक्षेप बरोबर आहेत. पण ते सगळेच्या सगळे डोळ्यांच्या अभ्यासालाही लागू होतात, कारण दोन्ही विश्लेषणे ट्रायनेटएक्स याच नोंदसंग्रहावर आधारलेली आहेत. गोड बातमी देणाऱ्या नोंदी ग्राह्य आणि कडू बातमी देणाऱ्या त्याज्य, असे आपल्याला करता येणार नाही. डोळ्यांसाठी ही गोळी सुरू करावी असे मी आज कोणाला सांगणार नाही, आणि आधीपासून घेणाऱ्याने हृदयाच्या भीतीने घाबरून जावे असेही सांगणार नाही. पण ‘नैसर्गिक आहे, तेव्हा वर्षानुवर्षे घेतली तरी काय होणार’ हे वाक्य मात्र आता कोणी निश्चिंतपणे उच्चारू नये.

निरंजन_लंडन
मान्य. दोन्हींना एकच माप लावायला हवे.

औषधविक्रेता
माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून बाटलीच्या आतल्या मालाविषयी लिहितो. अमेरिकेत मेलॅटोनिन औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून विकले जाते, त्यामुळे त्याची विक्रीपूर्व तपासणी औषधासारखी होत नाही. २०२३ साली तेथील २५ प्रकारच्या चघळायच्या गोळ्यांची तपासणी झाली. त्यांपैकी २२ मध्ये वेष्टनावर लिहिलेले प्रमाण चुकीचे निघाले, आणि एकीत तर मेलॅटोनिन मुळीच नव्हते. उरलेल्यांत लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत काहीही होते. त्याआधी २०१७ साली कॅनडातील ३१ उत्पादनांच्या तपासणीत आठांमध्ये सेरोटोनिन सापडले होते. नैराश्याची औषधे घेणाऱ्याच्या बाबतीत ते चिंतेचे आहे. फ्लुव्हॉक्सामीन हे औषध तर यकृतात मेलॅटोनिनचा निचराच अडवते, त्यामुळे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते.

घरात लहान मुले असतील तर या बाटल्या कुलपात ठेवाव्यात. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलॅटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ साली ८,३३७ होत्या, त्या २०२१ साली ५२,५६३ झाल्या. बहुतेक मुलांना काही झाले नाही, पण काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. चघळायच्या गोळ्या चॉकलेट-गोळ्यांसारख्याच दिसतात आणि लागतात.

मेघवाट
सर्वांचे मनापासून आभार. आईच्या गोळीचे नाव कळले: ती निफेडिपिनच आहे, आणि सोबत वॉरफरिन नाही. डॉ_सह्यकडा, आपण विचारले नसते तर मी हे तपासलेही नसते. तिच्या डॉक्टरांशीही बोलणे झाले. रक्तदाब सध्या चांगला आटोक्यात असताना त्यात ढवळाढवळ नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाटली आता आईला द्यायची नाही, एवढे ठरले. मावसभावालाही ही चर्चा पाठवली आहे. तो स्वतः १० मिलिग्रॅम घेतो आणि त्याला रक्तदाबाचे औषध नाही. आता त्याचा प्रश्न असा आहे की मात्रा कमी करायची झाल्यास गोळी अर्धी किंवा पाव करून घेतली तर चालेल का?

औषधविक्रेता
आधी वेष्टनावर पाहायला सांगा. ती सावकाश विरघळणारी असेल तर मुळीच तोडू नये; तोडल्यावर तिची रचना मोडते आणि रात्रभर पुरायचे औषध एकदम रक्तात उतरते. साधी असेल तर तुकडा करता येतो, पण पावाचा अंदाज हाताने नीट येत नाही, तेव्हा कमी मात्रेची बाटली घेणेच बरे. एमआयटीमधील अभ्यासकांनी २००१ साली पन्नाशीपुढील माणसांवर केलेल्या चाचणीत ०.३ मिलिग्रॅमची मात्रा झोपेसाठी सर्वांत गुणकारी ठरली होती, आणि ३ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तात दुसऱ्या दिवशीही मेलॅटोनिन रेंगाळत होते. तिकडे १ मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात. मात्र ते घेतात कशासाठी, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी सांगावे, आणि बाकीची औषधेही त्यांना दाखवावीत.